बाबांची पहिली भूमिका

नाटकाच्या हंगामात बाबा घरी बोलत नसत. दिवाळी झाली, गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, भरायला लागल्या की त्यांचं तोंड घरापुरतं बंद व्हायचं, ते थेट होळीला उघडायचं. भात हवा असला की ताटाच्या कडेवर दोन बोटं टेकवायचे, वरण हवं असलं की तीन. पाणी मागताना अंगठा ओठाला लावायचे. आई या मुक्या भाषेत इतकी तरबेज झाली होती की कधीकधी त्यांचं बोट ताटाला लागायच्या आधीच वाढून मोकळी व्हायची, आणि मग ते ताटावर हात आडवा धरून तिच्याकडे रागाने बघत बसायचे. नव्या पाहुण्याला वाटायचं, या नवरा-बायकोचं बिनसलेलं दिसतं. कधी बिनसत नसे असं नाही, पण त्याची कारणं वेगळी असायची. बाबा आमच्या भागातल्या एका लहानशा नाटक कंपनीचे प्रॉम्प्टर होते. रात्रभर दहा-बारा माणसांची वाक्यं दबक्या आवाजात सांगून सांगून दिवसा त्यांच्या गळ्यात घरच्या माणसांसाठी काही उरतच नसे.

आमची नाटकं ज्यांनी पाहिली नाहीत त्यांना एवढं सांगायला हवं. धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत मंच उभा राहतो आणि मंचाच्या पुढे मधोमध एक खड्डा खणतात. त्या खड्ड्यात बाबा बसायचे, प्रेक्षकांकडे पाठ, नटांकडे तोंड. समोर वही, वहीवर डब्याचं पत्र्याचं झाकण लावलेला एक बल्ब. दर वर्षी नाटक नवं. भूमिकेची नक्कल हातात पडायची ती जेमतेम पंधरा दिवस आधी. नट कोण, तर कुणी शेतकरी, कुणी शिक्षक, कुणी रेशन दुकानदार. पाठांतर कोण करणार? खड्ड्यातून ओळ यायची, नटाने ती झेलायची आणि डोळ्यांत पाणी आणून लोकांपुढे टाकायची. पहिल्या रांगेतल्या माणसाला ऐकू गेलं तर तो प्रॉम्प्टर नव्हे, आणि नटाला ऐकू गेलं नाही तर तोही नव्हे. या दोहोंच्या मधली जी बारीक जागा आहे तिथे बाबा तीस वर्षं बसले. एकेक अंक दीड तासाचा. तेवढा वेळ त्यांच्या घशाखाली पाण्याचा थेंब जात नसे, कारण बोलणारं कुणी ना कुणी असायचंच. गाण्यात प्यावं म्हटलं तर गाण्याचे शब्दही तेच सांगायचे. सकाळी घरी आले की आई तूप-मिरे चाटवायची, ज्येष्ठमधाची काडी तोंडात द्यायची. ते काडी तोंडात ठेवूनच झोपायचे.

मी सतराव्या वर्षी तोंडाला रंग लावला. नायिका नागपूरहून आणायची पद्धत होती, पण त्या वर्षी ठरलेली बाई ऐनवेळी आली नाही आणि कंपनीचे मालक देवाजीभाऊ आमच्या अंगणात येऊन म्हणाले, "मारोतभाऊ, तुमची शकुन उभी करू का जी?" बाबांनी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "बाप खड्ड्यात अना पोरगी वरती. चांगलं दिसते का ते?" पण तिने नाही म्हटलं नाही. चांगलं दिसतं की नाही हे पुढे लोकांनीच ठरवलं. दोन हंगामांत माझं नाव पोस्टरवर मोठ्या अक्षरांत यायला लागलं.

त्या दोन हंगामांत मी एक गोष्ट सगळ्यांपासून लपवून ठेवली होती. मला माझी वाक्यं पाठ होती, आणि बाकीच्यांचीही. पाठ करायला बसले नव्हते. पावसाळा सरता सरता बाबा नवी वही घेऊन ओसरीत बसायचे आणि त्याच दबक्या आवाजात ती दहादा, वीसदा वाचून काढायचे. मी तिथेच तांदूळ निवडत असायची, लाखोळीची डाळ पाखडत असायची. कानावर पडेल ते डोक्यात राहायचं, त्याला मी काय करणार? पण आमच्या कंपनीत पाठांतर म्हणजे शिष्टपणा समजला जायचा. माझ्या आधी एका हंगामात नागपूरचा एक नट आला होता, सगळी भूमिका पाठ करून. तो बाबांची वाट न बघता धडाधड बोलत सुटायचा. त्या दिवशी बाबा घरी आले, जेवायला बसले, ताटावर बोटं टेकवली नाहीत. आईने विचारलं तेव्हा हंगाम असूनही तोंडाने बोलले, "आज मले काही कामच नोहतं." त्यांचा तो चेहरा मी विसरले नव्हते. म्हणून मंचावर माझं वाक्य आलं की मी थांबायची. खड्ड्यातून ओळ येऊ द्यायची आणि मगच तोंड उघडायची. प्रेक्षकांना वाटायचं, बाई बोलण्याआधी काय विचार करते! माझ्या अभिनयाचं जे कौतुक झालं त्यातला बराचसा भाग हा असा थांबण्याचा होता, हे आता सांगायला हरकत नाही.

महोत्सवाचं पत्र आलं ते दसऱ्याच्या आधी. चंद्रपूरला मोठ्या सभागृहात कला महोत्सव, ठिकठिकाणची पथकं येणार, आमच्या भागातून आम्ही. देवाजीभाऊ ते पत्र आठवडाभर खिशात घेऊन हिंडले आणि कुरखेड्याच्या बाजारात ओळखीच्या-बिनओळखीच्या सगळ्यांना दाखवून झाले. मग त्यांनी ते नीट वाचलं. वेळ दीड तास, दुपारी चारला. सभागृहात खड्डा नाही. आणि खाली एक ओळ होती, प्रॉम्प्टर वापरता येणार नाही. देवाजीभाऊ आमच्याच ओसरीवर, बाबांच्या समोर बसून म्हणाले, "आता बाकीचे लोकं पाठ करून राह्यले म्हणते, मारोतभाऊ. जमाना बदलला. आपलंही तिथं जमलं तं पुढच्या सीझनले खड्डाच नाई खणत." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी आजही म्हणेन. पाऊस यावा-जावा तसं ते बोलून गेले. बाबांनी वही मिटून तिची कड बोटांनी सारखी केली. मला भीती वाटली. मी आत जाऊन चूल पेटवली, पण माझे कान बाहेरच होते. बाबांना दुसरं काही येत नव्हतं. शेती दीड एकर, तीही आईच बघायची.

तालमी सुरू झाल्या तशी गंमत झाली. बिनवहीच्या पहिल्या तालमीत आमचे नायक शालिकभाऊ तिसऱ्या वाक्यावर अडले. बावीस वर्षं नायकाची कामं केलेला, नोकरीच्या गावाहून, आरमोरीहून, मोटरसायकलवर तालमीला येणारा हा देखणा माणूस आभाळाकडे बघत उभा राहिला. बाकीच्यांची तीच गत. खरं म्हणजे मी तेव्हा घडाघडा बोलू शकले असते. पण मी बोलले असते तर देवाजीभाऊ म्हणाले असते, ही काल आलेली पोर करते, तुम्हाला काय झालं? चार दिवस रडतखडत का होईना सगळे पाठ करायला लागले असते, आणि बाबांचा खड्डा बुजला असता. तेव्हा मीही अडले. अडण्याचा इतका चांगला अभिनय मी पुन्हा कधी केला नाही.

उपाय शालिकभाऊंनीच काढला. दीड तासात बसेल असं छाटलेल्या आमच्या नाटकात इतर पात्रांखेरीज दोन भाऊ, एक सून आणि लकव्याने आडवा पडलेला त्यांचा बाप होता. बाप पहिल्याच अंकात मरायचा. शालिकभाऊ म्हणाले, "बुढ्याले मारूच नका ना! खाटेवर मारोतभाऊले निजवू. गोधडीखाली वही. लकवा मारलेला मानूस तोंड हलवते, कोणाले का समजते?" देवाजीभाऊंनी मांडीवर थाप मारली. अशा रीतीने एका माणसाचं मरण शेवटच्या प्रवेशापर्यंत पुढे ढकललं गेलं आणि बाबांना आयुष्यातली पहिली भूमिका मिळाली. नियम मोडतोय असं कुणालाच वाटलं नाही. आमच्या लेखी बाबा आता प्रॉम्प्टर नव्हते, नाटकातले बाप होते. आई म्हणाली, "शेतात कामाच्या वक्ती आडवे पडत होते तवा मी बोलत होती. आता लोकाईपुढं पडा." पण जायच्या आदल्या दिवशी तिने ती गोधडी धुतली, उन्हात वाळवली आणि आतून वहीसाठी खिसा शिवून दिला.

पहाटे कंपनीच्या मेटॅडोरमध्ये सामान, खाट आणि आम्ही निघालो. आरमोरी, गडचिरोली करत मूलला झाडाखाली बसून जेवलो. तांदळाच्या भाकरी, जवसाची चटणी आणि आईने दिलेले लाखोळीचे वडे. बाबांनी एकच वडा खाल्ला. दाढी आठ दिवस वाढवलेली, त्यामुळे ते खरोखरच आजारी दिसत होते. मी म्हटलं, "बाबा, भेव वाटते का?" ते म्हणाले, "मले कशाचं भेव? मले तं पडून राहाचं हाय." मग दाढी खाजवत म्हणाले, "तीस वर्षं पाठ दाखवली वं लोकायले. आता तोंड दाखवाचं हाय."

सभागृह थंडगार होतं. खुर्च्या मऊ. लोक येऊन बसले तरी आवाज नाही. आमच्याकडे पडदा उघडण्याआधी पोरं रडतात, शेंगा फुटतात, कुणीतरी कुणालातरी लांबून हाक मारतं. त्या सगळ्यावर मात करून नाटक सुरू करायचं असतं. इथली शांतता आमच्या अंगावर आली. त्यात देवाजीभाऊंना वाटलं, खाट मागे फार आहे, मारोतभाऊंचा आवाज नटांपर्यंत पोचायचा नाही. त्यांनी आणि शालिकभाऊंनी खाट उचलून अगदी पुढे आणून ठेवली. तिथे जमिनीवर एक काळी चपटी वस्तू होती. त्यांनी ती पायाने हलकेच सरकवून खाटेखाली घातली. आमचे माईक वरून दोरीला टांगलेले असायचे, वांग्याएवढे. जमिनीवर निजलेला माईक आम्ही कुणी पाहिला नव्हता.

पडदा उघडला. मी खाटेजवळ बसलेली, हातात औषधाचा पेला. शालिकभाऊ ऐटीत आले. आणि सभागृहाच्या चारी भिंतींतून एक प्रचंड कुजबूज उमटली, "वहिनी, दादा अजून आले नाहीत?" पाठोपाठ शालिकभाऊ म्हणाले, "वहिनी, दादा अजून आले नाहीत?" लोक चुळबुळले. मग भिंती म्हणाल्या, "नाही भाऊजी, पण तुमचा चेहरा असा का?" मला काय करावं कळेना. सवयीने मीही म्हटलं, "नाही भाऊजी, पण तुमचा चेहरा असा का?" आता हशा पिकला. शालिकभाऊंना वाटलं, लोक आपल्यावर खूश आहेत. त्यांनी छाती आणखी पुढे काढली. तिसरं वाक्य भिंतींनी सांगितलं, त्यांनी म्हटलं, आणि सगळं सभागृह हसलं.

बाबांनी स्वतःचा तो आवाज बाहेरून कधी ऐकला नव्हता. तीस वर्षांत तो कुणाच्याच कानावर पडू नये हीच तर त्यांची कारागिरी. मी त्यांच्या एवढी जवळ बसले होते की त्यांच्या कपाळावरची शीर मला दिसत होती. त्यांनी डोळे उघडून एकदा माझ्याकडे पाहिलं. गोधडीखाली वही मिटल्याचं मला कळलं. मग त्यांनी डोळे मिटून घेतले.

शालिकभाऊ वाट बघत उभे. ओळ येईना. ते खाटेकडे दोन पावलं आले, कान वाकडा केला. ओळ येईना. मग त्यांनी खाटेशी गुडघे टेकले आणि अगदी कळवळून, खऱ्या डोळ्यांतल्या खऱ्या पाण्याने म्हणाले, "बाबा! बाबा, बोला ना! एक शब्द तरी बोला!" हसणारे लोक गप्प झाले. त्यांना बापाच्या आजारपणाचं दुःख वाटलं असावं. शालिकभाऊंना दुःख होतंच, फक्त कारण निराळं होतं. मागे विंगेत बाकीचे नट एकमेकांकडे बघत होते आणि देवाजीभाऊंनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले होते.

मी गप्प बसले तर नाटक तिथेच पडणार होतं. बोलले तर सगळ्यांना कळणार होतं की मला सगळं येतं, आणि बाबांनाही. तिकडच्या लोकांपुढे फजिती झाली असती तर मला फारसं वाईट वाटलं नसतं, ते पुन्हा कुठे भेटणार होते? पण खाटेवर बाबा डोळे मिटून पडले होते आणि हशा त्यांच्यावर झाला होता. मी त्यांची मान उचलली आणि पेला त्यांच्या ओठांना लावला. तालमीत नुसता टेकवायचा असं ठरलं होतं. बाबा सगळं पाणी प्यायले. मग मी उठले आणि म्हटलं, "भाऊजी, बाबा बोलणार नाहीत. तुम्ही जे विचारायला आलात ते मला विचारा. वाटणीचंच विचारायचं होतं ना?" शालिकभाऊंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांना विहिरीतून वर काढत होते. "हो वहिनी," ते म्हणाले, "वाटणीचंच!"

तसंच पुढे चाललं. ज्याला जे वाक्य म्हणायचं ते मी आधी त्याला प्रश्नातून द्यायची, टोमण्यातून द्यायची, रडता रडता द्यायची. मोठा भाऊ आला तर मी म्हणायची, "तुम्ही आता म्हणाल की घर सोडून जा." तो लगेच गरजायचा, "घर सोडून जा!" दीड तास मी नऊ जणांची वाक्यं बोलत होते. शेवटी बाप मरतो त्या प्रवेशात बाबा ठरल्याप्रमाणे मेले, आणि पडदा पडल्यावर उठून गोधडीची घडी करायला लागले. टाळ्या बऱ्याच झाल्या. महोत्सवाची एक मुलगी वही-पेन घेऊन आत आली आणि देवाजीभाऊंना विचारू लागली की सुरुवातीचा तो कुजबुजीचा प्रयोग फार वेगळा होता, मग पुढे तो का सोडून दिला? देवाजीभाऊ म्हणाले, "गळा बसला जी त्याचा." तिने ते लिहून घेतलं.

माझा घसा आत-बाहेर जळत होता. मेटॅडोरमध्ये बसताना देवाजीभाऊ बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मारोतभाऊ, जमाना बदलला अशीन तं बदलो. आमचे हे बैल तुमच्याबिगर एक तास नाई चालत. खड्डा राह्यते." शालिकभाऊंनीही मान हलवली. म्हणजे मला जी भीती होती तिच्या अगदी उलट झालं, माझ्या एकटीच्या पाठांतरामुळे बाकी सगळे उघडे पडले. पण मला आनंद झाला नाही. बाबा माझ्याशी बोलत नव्हते.

गडचिरोलीच्या अलीकडे चहाला थांबलो. रात्र झाली होती. बाबा पेला घेऊन माझ्या बाजूला येऊन बसले. म्हणाले, "दुसऱ्या प्रवेशात दोन ओळी खाल्ल्या तू."

मी म्हटलं, "बाबा, मले माफ करा. मले पाठ होतं. मी सांगतलं नाई तुमाले."

"दोन वर्षं झाले, मले माहीत हाय."

ते चहा फुंकत म्हणाले, "ज्याले ओळ येत नाई तो माह्याकडं पाह्यते. ज्याले येते तो आधी श्वास घेते. तू रोज माह्या आधी श्वास घेत होती."

"मंग काऊन सांगत राह्यले मले?"

"तू थांबत होती ना माह्यासाठी," बाबा म्हणाले. "मंग मी काऊन नाई सांगाचं?"

मी रडले. इतक्या वर्षांनी लिहितानाही ते वाक्य मला कोरड्या डोळ्यांनी लिहिता येत नाही, तसं बाकी सगळं येतं. बाबांनी चहाचे पैसे दिले आणि गाडीत जाऊन बसले.

दिवाळीनंतर हंगामाचा पहिला प्रयोग आमच्याच तालुक्यात होता. माझं पहिलं वाक्य आलं. सवयीने मी थांबले. खड्ड्यातून काहीच आलं नाही. ते रागावले की काय असं वाटलं. मी खाली पाहिलं. बाबांच्या हातात घरचा पितळी लोटा होता आणि ते पाणी पीत होते. लोट्याच्या कडेवरून डोळे माझ्याकडे. मी माझं वाक्य म्हटलं, ते पूर्ण होईपर्यंत त्यांनी दोन घोट घेतले, लोटा खाली ठेवला आणि शालिकभाऊंची ओळ उचलली.

त्या हंगामात बाबा घरी थोडंथोडं बोलायला लागले. आईला ते जड गेलं, तिला बोटांची सवय झाली होती. पुढच्या वर्षापासून मी देवाजीभाऊंकडे हट्टाने लांब भूमिका मागायला लागले. छोटं काम असलं तर नाटक सोडीन म्हणायची. दुसऱ्या नटींची वाक्यं कमी करून मला द्या म्हणायची. मारोतभाऊची पोरगी हावरी झाली, असं कंपनीत सगळे म्हणायचे. खरंच झाले होते.